बंद-चालू केल्यावर क्लॉक हरवतो: प्रोग्रॅमेबल क्लॉक जनरेटर निवडताना आणि बसवल्यावर काय तपासावे

ठाण्यातील वागळे इस्टेट आणि नवी मुंबईतील रबाळे-महापे या पट्ट्यात लहान गाळ्यांमधून इलेक्ट्रॉनिक बोर्ड तयार करणाऱ्यांकडून एक तक्रार जवळजवळ ठरावीक शब्दांत पुन्हा पुन्हा येते: लॅपटॉप जोडून प्रोग्रॅम टाकला की बोर्ड उत्तम चालतो, परंतु वीज बंद करून पुन्हा चालू केली की कधी चालतो, कधी चालत नाही, आणि रीसेटचे बटण दाबले की सर्व पुन्हा सुरळीत होते. तक्रारीच्या शेवटी निष्कर्षही बहुधा तयार असतो, की क्लॉक जनरेटरची (बोर्डावरील इतर भागांना ठरावीक वारंवारतेचे ठोके, म्हणजे क्लॉक, पुरवणारी) चिप खराब लागली. मग चिप बदलली जाते, काही दिवस बरे जातात, आणि पावसाळ्यात एखाद्या दुपारी वीज जाऊन आली की बोर्ड पुन्हा मुका होतो.

अशा बहुतेक बोर्डांवरील चिप निर्दोष असते. चुकलेली असते ती निवड, किंवा निवडलेल्या चिपला साजेसा न लिहिलेला सुरुवातीचा कोड. प्रोग्रॅमेबल क्लॉक जनरेटर निवडताना डेटाशीटच्या पहिल्या पानावरील कमाल वारंवारता पाहण्याची सवय सर्वांनाच असते, पण माझ्या मते तो सर्वांत शेवटी पाहावा असा आकडा आहे. आधी पाहावे ते हे, की वीज आल्यापासून पहिली आय-टू-सी (चिपांमधील दोन तारांची संवादवाहिनी) आज्ञा पोहोचेपर्यंतच्या काळात ती चिप स्वतःहून काय करते, आणि तेवढ्या काळात बोर्डावरील इतर भाग कशाची वाट पाहत असतात.

वीज येते तेव्हा चिप काय करते

एसआय-५३५१ए ही चिप छंद म्हणून काम करणाऱ्यांपासून लहान उत्पादकांपर्यंत सर्वांना परिचित आहे. ती मूळची सिलिकॉन लॅब्जची. २०२१ साली त्या कंपनीचा हा विभाग स्कायवर्क्सने विकत घेतल्यामुळे तिची कागदपत्रे आता स्कायवर्क्सच्या नावाने शोधावी लागतात. दहा पिनांच्या आवृत्तीत तीन आउटपुट मिळतात, वीस पिनांच्या आवृत्तीत आठ, आणि वारंवारता २.५ किलोहर्ट्झपासून २०० मेगाहर्ट्झपर्यंत ठेवता येते. किंमत, सोय आणि उपलब्ध कोड या तिन्ही बाबतींत तिला तोड नाही, मात्र तिच्यात वापरकर्त्याला स्वतः लिहिता येईल अशी कायमस्वरूपी मेमरी नाही. कोरी चिप वीज आल्यावर एकाही पिनवर क्लॉक देत नाही. मायक्रोकंट्रोलरने रजिस्टरे (चिपमधील मांडणीची मूल्ये ठेवण्याच्या जागा) भरली की क्लॉक सुरू होतो, आणि वीज गेली की भरलेले सर्व पुसले जाते.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची सीडीसीई-९१३ याच्या उलट वागते. तिच्यात ईईप्रॉम (पुन्हा लिहिता येणारी कायमस्वरूपी मेमरी) असल्यामुळे एकदा आय-टू-सीवरून लिहिलेली मांडणी वीज गेल्यावरही टिकते, आणि कारखान्यातून आलेली कोरी चिपदेखील क्रिस्टलची वारंवारता जशीच्या तशी आउटपुटवर देते. याच कुटुंबातील ९१३ मध्ये एक पीएलएल (क्रिस्टलवरून नवी वारंवारता तयार करणारे मंडल) व तीन आउटपुट, ९२५ मध्ये दोन व पाच, ९३७ मध्ये तीन व सात आणि ९४९ मध्ये चार व नऊ अशी चढती रचना आहे. तिची एक अट मात्र विसरून चालत नाही: तिचा कोअर १.८ व्होल्टवर चालतो आणि ३.३ व्होल्ट केवळ आउटपुटच्या पुरवठा पिनला द्यायचे असतात. दोन्ही पिना ३.३ ला जोडलेले बोर्ड दुरुस्तीला येतात, आणि अशा वेळी चिप खराब लागली असे म्हणणे तिच्यावर अन्याय करणारे असते.

तिसरा प्रकार एकदाच लिहिता येणाऱ्या मेमरीचा. आयडीटीच्या, म्हणजे २०१९ पासून रेनेसासच्या, व्हर्साक्लॉक ५ मालिकेतील ५पी४९व्ही५९०१ सारख्या चिपमध्ये चार मांडण्या कायमच्या जाळून ठेवता येतात आणि त्यांपैकी कोणती उचलायची ते निवड-पिनांवरून ठरते. उत्पादन स्थिर झाल्यावर हा प्रकार फार सोयीचा आहे. डिझाइन अजून बदलत असताना घेतला तर वाया गेलेल्या चिपांचा ढीग होतो.

यातून निवडीचा पहिला नियम निघतो. बोर्डावरील मायक्रोकंट्रोलर स्वतःचा क्लॉक याच जनरेटरकडून घेणार असेल, तर एसआय-५३५१ए कोरी वापरताना कंट्रोलर क्लॉकसाठी चिपवर आणि चिप रजिस्टरांसाठी कंट्रोलरवर अवलंबून राहते, आणि दोघेही एकमेकांची वाट पाहत बसतात. एसटीएम३२ सारखा कंट्रोलर आपल्या अंतर्गत आरसी ऑसिलेटरवर (क्रिस्टलशिवाय चालणाऱ्या) सुरू होतो, त्यामुळे आधी त्यावर चालून, जनरेटर भरून, क्लॉक स्थिर झाल्याची खात्री करून मगच बाहेरील क्लॉकवर उडी घेता येते. अशी सोय नसलेला प्रोसेसर किंवा एफपीजीए (आतील रचना प्रोग्रॅमने ठरणारी चिप) असेल तर ईईप्रॉम अथवा एकदाच लिहिण्याची मेमरी असलेलीच चिप घ्यावी.

रीसेटने बरा होणारा बोर्ड

आता मूळ तक्रारीकडे जरा जवळून पाहू. रबाळ्याच्या एका गाळ्यात गृहसंकुलांसाठी नेटवर्कवरून उद्घोषणा ऐकवणारा बोर्ड तयार होत होता. त्यावर एसटीएम३२एफ४०७, एसजीटीएल-५००० हा ऑडिओ कोडेक (ध्वनी आणि आकडे यांचे परस्पर रूपांतर करणारी चिप), इथरनेटसाठी एलएएन-८७२० आणि क्लॉकसाठी दहा पिनांची एसआय-५३५१ए अशी मांडणी होती. तीन आउटपुटांपैकी एक ४८ किलोहर्ट्झच्या ध्वनीसाठी २४.५७६ मेगाहर्ट्झ, दुसरे ४४.१ किलोहर्ट्झच्या ध्वनीसाठी २२.५७९२ मेगाहर्ट्झ आणि तिसरे इथरनेटसाठी २५ मेगाहर्ट्झ देत असे. बोर्ड बंद करून चालू केला की कधी कोडेक उत्तर देत नसे, तर कधी नेटवर्कचा दिवा लागत नसे.

रीसेटचे बटण दाबल्यावर सर्व ठीक होते, हाच येथे सर्वांत मोठा पुरावा आहे. दहा पिनांच्या या चिपला रीसेटची पिनच नाही, त्यामुळे ते बटण फक्त कंट्रोलरला पुन्हा सुरू करते. चिपची वीज तशीच राहते आणि ती केव्हाच तयार होऊन बसलेली असते. खरी वीज येते तेव्हा मात्र चिपला स्वतःची अंतर्गत मांडणी वाचून तयार होण्यास काही मिलिसेकंद लागतात, आणि आरसी ऑसिलेटरवर जागा झालेला कंट्रोलर त्याच्या आधीच आय-टू-सीवर लिहू लागतो. कोडमध्ये पोच (आज्ञा मिळाल्याचे चिपचे उत्तर) तपासलेली नसेल तर त्या आज्ञा वाऱ्यावर जातात आणि कोड पुढे सरकतो. लॅपटॉप जोडून काम करताना बोर्डाला वीज आधीपासूनच मिळत असते, म्हणून तेथे हा दोष दिसतच नाही.

उपाय सोपा आहे आणि तो पूर्णपणे कोडमधील आहे. हेक्स (सोळा-आधारी) ६० या पत्त्यावर चिप पोच देते की नाही ते पाहावे, शून्य क्रमांकाचे रजिस्टर वाचत राहावे, आणि त्यातील सर्वांत वरचा बिट शून्य होईपर्यंत काहीही लिहू नये, कारण तो बिट एक असेपर्यंत चिपची अंतर्गत तयारी चालू असते. त्यानंतर रजिस्टर ३ मध्ये हेक्स एफएफ लिहून सर्व आउटपुट बंद करावेत, १६ ते २३ या रजिस्टरांत हेक्स ८० लिहून ड्रायव्हर निजवावेत, मग मांडणी भरावी, रजिस्टर १७७ मध्ये हेक्स एसी लिहून दोन्ही पीएलएल रीसेट करावेत आणि शेवटी हवे तेवढेच आउटपुट उघडावेत. क्लॉकबिल्डर प्रो हे सॉफ्टवेअर रजिस्टरे आणि त्यांची मूल्ये यांची तयार यादी देते, परंतु थांबणे, तपासणे आणि पोच न आल्यास पुन्हा प्रयत्न करणे हे कोड लिहिणाऱ्याचेच काम असते.

शून्य क्रमांकाच्या रजिस्टरमधील ५ आणि ६ हे बिट पीएलएल ए आणि पीएलएल बी यांचा ताबा (लॉक) सुटल्याचे, म्हणजे वारंवारता स्थिर नसल्याचे, सांगतात. ते दोन्ही शून्य झाल्यावरच कोडेक आणि इथरनेट यांचे रीसेट सोडावे. हा क्रम येथे ऐच्छिक नाही: एसजीटीएल-५००० ला मुख्य क्लॉक मिळत नसेल तर तो आय-टू-सीवर उत्तरच देत नाही, त्यामुळे क्लॉकचा दोष कोडेकच्या नावावर जमा होतो आणि माणूस तासन् तास कोडेकच्या पुल-अप रोधांवर संशय घेत बसतो.

हा दोष तपासताना आणखी एक फसगत होते, आणि ती अनुभवी हातांचीही होते. नवा कोड टाकताना वीज बंद केली नाही तर चिपमध्ये जुन्या कोडने भरलेली मूल्ये तशीच राहतात, त्यामुळे नव्या कोडमध्ये एखादे रजिस्टर लिहायचे राहून गेले असले तरी बोर्ड चालतो आणि चाचणी उत्तीर्ण होते. म्हणून प्रत्येक चाचणी वीज पूर्ण काढून, ३.३ व्होल्टची रेषा खरोखर शून्याजवळ आल्याचे मीटरवर पाहूनच करावी. मीटरवर एक-दीड व्होल्ट रेंगाळताना दिसले तर यूएसबी-सिरियल जोडणीची केबल काढून पाहावी. तिच्या टीएक्स (डेटा पाठवणाऱ्या) तारेतून येणारे ३.३ व्होल्ट कंट्रोलरच्या संरक्षक डायोडमधून बोर्डात झिरपतात, आणि आपण बंद समजत असलेला बोर्ड अर्धवट जागाच राहतो.

वीज पूर्ण जात नाही तेव्हा

वरील सुधारणा केल्यावरही काही बोर्ड औद्योगिक वसाहतीत बसवल्यावरच बंद पडतात आणि घरच्या टेबलावर कधीच पडत नाहीत. शेजारच्या गाळ्यातील काँप्रेसर किंवा लिफ्टची मोटर सुरू झाली की पुरवठ्यात क्षणभर खड्डा पडतो, आणि पुरवठ्यातील कपॅसिटर अपुरे असतील तर ३.३ व्होल्टची रेषाही खाली येते. एसटीएम३२एफ४०७ हा १.८ व्होल्टपर्यंत चालणारा कंट्रोलर आहे, तर एसआय-५३५१ए ची किमान मर्यादा २.२५ व्होल्ट आहे. या दोन आकड्यांच्या मधल्या पट्ट्यात रेषा उतरून परत आली, तर क्लॉकची चिप आपली रजिस्टरे गमावू शकते आणि कंट्रोलरला मात्र काही घडल्याचा पत्ताही नसतो. तो पुन्हा सुरू होत नाही, म्हणून चिप पुन्हा भरली जात नाही.

एक पैसाही न खर्चता करता येणारा पहिला उपाय म्हणजे कंट्रोलरची ब्राउनआउट रीसेटची (व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेल्यास कंट्रोलर रीसेट करणाऱ्या सोयीची) पातळी ऑप्शन बाइटमधून, म्हणजे कंट्रोलरमधील कायम सेटिंगमधून, वर नेणे. या कंट्रोलरमध्ये ती कारखान्यातून बंद असते, आणि ती बंद असल्याचे कित्येकांच्या ध्यानातच आलेले नसते. दुसरा उपाय म्हणजे आपण लिहिलेल्या रजिस्टरांपैकी एखादे ठरावीक काळाने वाचून पाहणे आणि मूल्य बदललेले दिसल्यास संपूर्ण मांडणी पुन्हा भरणे. कंट्रोलर स्वतःच या क्लॉकवर चालत असेल तर एसटीएम३२ मधील क्लॉक सुरक्षा व्यवस्था चालू ठेवावी. बाहेरील क्लॉक नाहीसा झाला की ती कंट्रोलरला अंतर्गत ऑसिलेटरवर आणते आणि इंटरप्ट देते, त्यामुळे सावरण्याची संधी मिळते. ईईप्रॉम असलेल्या चिपला हा सर्व खटाटोप फारसा लागत नाही, कारण वीज सावरल्यावर ती स्वतःच मांडणी वाचून घेते. वसाहतीत बसणाऱ्या बोर्डासाठी निवड करताना हा फरक किमतीतील फरकापेक्षा जड ठरतो.

किती वारंवारता, किती पीएलएल

निवडीत दुसरी गल्लत आउटपुटांची संख्या आणि पीएलएलची संख्या एकच समजण्याने होते. एसआय-५३५१ए मध्ये आउटपुट तीन असोत वा आठ, पीएलएल दोनच आहेत. प्रत्येक पीएलएल क्रिस्टलच्या वारंवारतेला १५ ते ९० या मर्यादेतील गुणकाने गुणून ६०० ते ९०० मेगाहर्ट्झची अंतर्गत वारंवारता तयार करतो, आणि प्रत्येक आउटपुटचा भाजक तिला भागून खाली आणतो. गुणक आणि भाजक दोन्ही अपूर्णांक असू शकतात, म्हणून कागदावर काहीही साध्य होते. परंतु सर्वांत स्वच्छ क्लॉक आउटपुटचा भाजक सम पूर्णांक असतानाच मिळतो.

वर सांगितलेल्या बोर्डाचे गणित म्हणूनच पाहण्यासारखे आहे. २४.५७६ ला ३२ ने गुणले की ७८६.४३२ मेगाहर्ट्झ येतात, आणि २५ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवरून तेथे पोहोचण्यासाठी गुणक ३१ पूर्णांक १४२९ छेद ३१२५ लागतो. २२.५७९२ ला ३६ ने गुणले की ८१२.८५१२ येतात, आणि त्याचा गुणक ३२ पूर्णांक ८०३२ छेद १५६२५ आहे. दोन्ही छेद चिपच्या १०४८५७५ या मर्यादेत आरामात बसतात, म्हणजे दोन्ही वारंवारता काटेकोरपणे, किंचितही उरीसुरी न राहता मिळतात, आणि ३२ व ३६ हे दोन्ही भाजक सम पूर्णांक आहेत. दोन्ही पीएलएल येथे संपले. तिसऱ्या आउटपुटला ७८६.४३२ ला ५० ने भागायला लावले असते तर भाजक १५.७२८६४ असा अपूर्णांक झाला असता आणि इथरनेटला नको तो जिटर (ठोक्यांच्या वेळेतील थरथर) मिळाला असता. त्याऐवजी २५ मेगाहर्ट्झ थेट क्रिस्टलवरून तिसऱ्या आउटपुटला दिले आणि इथरनेटला लागणारे ५० मेगाहर्ट्झ तयार करण्याचे काम एलएएन-८७२० कडे सोपवले, की प्रश्न सुटतो. चौथी असंबद्ध वारंवारता हवी असती, तर मात्र सीडीसीई-९३७ किंवा ९४९ कडे वळणे शहाणपणाचे ठरले असते.

येथे एक स्पष्ट मत नोंदवतो. ज्या बोर्डाला एक किंवा दोन प्रचलित वारंवारताच हव्या आहेत, त्यावर प्रोग्रॅमेबल जनरेटर बसवूच नये. २४.५७६ आणि २२.५७९२ मेगाहर्ट्झचे तयार ऑसिलेटर मिळतात, त्यांना कोड लागत नाही आणि वीज आल्यावर ते कोणाची वाट पाहत नाहीत. वारंवारता विचित्र असेल पण एकच असेल, तर सायटाइमच्या एसआयटी-८००८ सारखा १ ते ११० मेगाहर्ट्झमध्ये हवा तो आकडा भरून मिळणारा ऑसिलेटर पुरेसा आहे.

आकडा चुकतो तेव्हा

क्लॉक येतो पण वारंवारता चुकते, अशा तक्रारीत चूक किती आहे हे आधी मोजावे, कारण चुकीचे प्रमाणच बहुधा कारण सांगून टाकते. वारंवारता बरोबर ८ टक्के जास्त येत असेल, म्हणजे १० मेगाहर्ट्झऐवजी १०.८ दिसत असेल, तर कोडने क्रिस्टल २५ मेगाहर्ट्झचा धरलेला आहे आणि मॉड्यूलवर तो २७ चा आहे. बाजारातील मॉड्यूलवर दोन्ही प्रकारचे क्रिस्टल आढळतात, त्यामुळे क्रिस्टलच्या धातूच्या टोपीवरील आकडा भिंगातून वाचून घ्यावा. उद्घोषणेचा आवाज एका अर्धस्वराहून अधिक चढा ऐकू येत असेल तर स्कोप काढण्याआधीच हे पाहावे.

चूक लाखात काही भागांची असेल तर प्रश्न क्रिस्टलच्या लोड कपॅसिटन्सचा असतो. एसआय-५३५१ए मध्ये हे कपॅसिटर चिपच्या आतच असतात आणि रजिस्टर १८३ मधून ६, ८ किंवा १० पिकोफॅरड एवढेच निवडता येतात. वर्षानुवर्षांच्या सवयीने क्रिस्टलच्या दोन्ही बाजूंना २२ पिकोफॅरडचे कपॅसिटर बसवले की वारंवारता खाली घसरते. उलट १८ पिकोफॅरडसाठी बनवलेला क्रिस्टल बाहेर काहीच न लावता वापरला की ती वर चढते. यावरचा खरा उपाय खरेदीच्या वेळीच करायचा असतो, म्हणजे १० किंवा ८ पिकोफॅरडचा क्रिस्टल मागवायचा. सीडीसीई-९१३ मध्ये आतील कपॅसिटन्स २० पिकोफॅरडपर्यंत नेता येतो, म्हणून हाताशी असलेले जुने क्रिस्टल तिच्याशी अधिक जुळतात.

किती चूक चालेल हे उपयोगावर ठरते. यूएसबी फुल स्पीडला २५०० पीपीएमपर्यंत (दहा लाखांत २५०० भाग) सवलत आहे, हाय स्पीडला ५०० पीपीएम, आणि १०० मेगाबिट इथरनेटला मात्र ५० पीपीएमच. रेडिओच्या कामात १० मेगाहर्ट्झवर १० पीपीएम म्हणजे १०० हर्ट्झ, आणि तेवढा फरक कानाला जाणवतो. अशा ठिकाणी जीपीएसच्या दर सेकंदाच्या पल्सशी ताडून दुरुस्तीचा आकडा कोडमध्ये ठेवावा, किंवा बाहेरून १० ते १०० मेगाहर्ट्झचा संदर्भ क्लॉक घेणारी एसआय-५३५१सी निवडून तिला टीसीएक्सओ (तापमानाची दुरुस्ती करणारा ऑसिलेटर) जोडावा.

मोजतानाही तीन पथ्ये पाळावीत. क्रिस्टलच्या पिनवर प्रोब लावू नये, कारण प्रोबचे स्वतःचे दहा-पंधरा पिकोफॅरड ऑसिलेटरला बिघडवतात किंवा थांबवतात. मापन नेहमी आउटपुटवर करावे. प्रोब दहापट स्थितीत ठेवावा. आणि सेकंदाला २४ दशलक्ष नमुने घेणाऱ्या स्वस्त लॉजिक अॅनलायझरवर २४.५७६ मेगाहर्ट्झ दिसत नाही म्हणून क्लॉक नाही असे ठरवू नये. त्या यंत्रावर आय-टू-सी उत्तम दिसते, आणि क्लॉकही पाहायचा असेल तर चिपचा आर भाजक (आउटपुटवरील शेवटचा भाजक) तात्पुरता १२८ करावा, २४.५७६ मेगाहर्ट्झचे बरोबर १९२ किलोहर्ट्झ होतात आणि ते सहज मोजता येतात.

पावसाळ्यात काही बोर्डांचा क्रिस्टल सकाळी सुरूच होत नाही आणि बोर्ड तापला की दुपारी होतो. हवेतील दमटपणा आणि क्रिस्टलच्या पिनांमध्ये राहिलेला फ्लक्स एकत्र आले की तेथे गळती होते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो भाग ब्रशने स्वच्छ करून, बोर्ड नीट वाळवून मग निर्णय घ्यावा. चिप बदलण्यापूर्वीची ही सर्वांत स्वस्त चाचणी आहे.

जिटरविषयी

जिटरवरून चिप निवडताना दोन डेटाशीटमधील आकडे थेट शेजारी ठेवू नयेत, कारण एसआय-५३५१ए चा आकडा एका आवर्तनातील शिखर ते शिखर फरकाचा आणि काही दहा पिकोसेकंदांचा असतो, तर व्हर्साक्लॉक ५ चा, एक पिकोसेकंदाहूनही लहान आकडा हा ठरावीक पट्ट्यातील आरएमएस फेज जिटरचा असतो. उपयोगासाठी एक हिशेब पुरेसा आहे: १० मेगाहर्ट्झचा सिग्नल १० पिकोसेकंद आरएमएस जिटर असलेल्या क्लॉकने नमुन्यात घेतला तर सिग्नल आणि गोंगाट यांचे गुणोत्तर ६४ डेसिबलच्या वर जाऊ शकत नाही, आणि १२ बिटांच्या एडीसीची (सिग्नलचे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या चिपची) आदर्श मर्यादा ७४ डेसिबल असल्यामुळे त्या एडीसीचे जवळजवळ दोन बिट वाया जातात. तोच क्लॉक १० किलोहर्ट्झच्या ध्वनीसाठी वापरला तर मर्यादा १२४ डेसिबल येते, म्हणजे काळजीचे कारण राहत नाही. म्हणून उद्घोषणेच्या बोर्डाला एसआय-५३५१ए योग्य आहे आणि वेगवान एडीसीला नाही. ध्वनीत तरीही गुणगुण येत असेल तर पुरवठ्याच्या पिनजवळचा ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि स्विचिंग रेग्युलेटरची गळती आधी पाहावी, आणि रजिस्टर १४९ चा सर्वांत वरचा बिट शून्य आहे याची खात्री करावी. तो एक राहिला तर पीएलएल ए वर स्प्रेड स्पेक्ट्रम (वारंवारता मुद्दाम किंचित हलती ठेवणे) चालू राहतो.

खरेदी, आणि आधीच तयार झालेले बोर्ड

ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले की लॅमिंग्टन रोडवर मॉड्यूल हातोहात मिळतात आणि प्रयोगासाठी ते पुरेसे आहेत. उत्पादनासाठी मात्र सुटी चिप पूर्ण क्रमांक देऊनच मागवावी. क्रमांकात बी या अक्षरानंतर पाच आकडे असतील तर त्या चिपमध्ये दुसऱ्या कोणाची तरी मांडणी कारखान्यातच भरलेली आहे, आणि वीज येताच ती भलत्याच वारंवारतेने सुरू होईल. स्वस्तात निघालेल्या शिल्लक मालात असे तुकडे असतात. त्याच पिन-रचनेच्या इतर बनावटीच्या चिपही मॉड्यूलवर सापडतात, म्हणून मॉड्यूलवर सिद्ध झालेला कोड नव्या चिपवर पुन्हा तपासल्याशिवाय पुढे पाठवू नये.

बोर्ड आधीच छापून झाले असतील तर चिपचा प्रकार बदलणे शक्य नसते, कारण एसआय-५३५१ए दहा पिनांच्या एमएसओपी आवरणात आणि सीडीसीई-९१३ चौदा पिनांच्या टीएसएसओपी आवरणात येते. अशा वेळी कोडमधील सुधारणेच्या जोडीला कंट्रोलरच्या रीसेट रेषेवर एक व्होल्टेज सुपरव्हायझर सोल्डर करावा. मॅक्स-८०९एस हा तीन पिनांचा तुकडा २.९३ व्होल्टखाली रीसेट देतो आणि व्होल्टेज सावरल्यावरही किमान १४० मिलिसेकंद तो धरून ठेवतो, म्हणजे पुरवठ्यातील खड्ड्याचा आणि चिप तयार होण्याच्या उशिराचा असे दोन्ही प्रश्न तो एकटा मिटवतो. एवढेच, की मॅक्स-८०९ चे आउटपुट रेषा वर-खाली दोन्हीकडे जोराने खेचते आणि एसटीएम३२ ची रीसेट पिन आतूनही खाली ओढली जाते. त्यावर बटण व प्रोग्रॅमरही जोडलेले असल्यामुळे त्याच पिन-रचनेचा, पण ओपन ड्रेन (रेषा फक्त खाली खेचणाऱ्या) आउटपुटचा मॅक्स-८०३एस घ्यावा.